एकाच रंगाचा हात

मी काय काम करते असं आईला कुणी विचारलं की ती सांगायची, "कॉम्प्युटरवर बाहुल्यांना कातडं चढवती." विचारणारी बाई लगेच विषय टोमॅटोच्या भावावर न्यायची. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर याहून नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही.

तेव्हा, म्हणजे दोन हजार आठच्या सुमाराला, इंटरनेटवर एक खोटं जग होतं. तिथे रस्ते होते, दुकानं होती, समुद्र होता, आणि जगभरातली माणसं घरबसल्या तिथे हिंडायची. हिंडायचं तर शरीर हवं. त्या शरीराला तिथे अवतार म्हणत. नवा कोरा अवतार म्हणजे कापड दुकानातल्या पुतळ्यासारखा गुळगुळीत. त्याच्या अंगाभोवती गुंडाळायला एक चपटं चित्र लागायचं, डोक्यापासून टाचेपर्यंतच्या कातडीचं. ते चित्र मी रंगवायचे आणि तिथल्याच बाजारात विकायचे.

रंगवायचे ते आमच्या मळ्यातल्या घरात, नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे. गुलाबाचं पॉलीहाऊस, थोडी शेवंती, बांधाला भाजी. वडिलांचं नाव गोटीराम, आम्ही नाना म्हणतो. फुलबाजारात गोटूनानाच्या गुलाबाला मान आहे. घराच्या मागच्या खोलीत खताच्या गोण्यांशेजारी माझं टेबल होतं, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसल्याने खाली इन्व्हर्टर. पडद्यावर उघडी बाहुली दिसली की आई येता-जाता तिच्यावर टॉवेल टाकून जायची. मी रंगवत असले तरी. "अगं, काम करतेय मी." "कर की. पण पावणे आले तर?"

त्याआधी मी शहरात एका फोटो स्टुडिओत होते. लग्नाचे अल्बम. काम एकच, साफ करणं. तीळ काढ, कांजण्यांचे व्रण काढ, डोळ्यांखालचं काळं काढ, रंग उजळ कर. मालक खुर्चीमागे उभा राहून "मॅडम, अजून क्लीन" म्हणायचा. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या नवरीमुली उकडीच्या मोदकांसारख्या एकसारख्या दिसायच्या आणि त्यांच्या आया खूश होऊन अल्बम छातीशी धरून न्यायच्या. मी दात-ओठ खात ते केलं, पण हात त्यात तयार झाला.

खोट्या जगात सगळंच उलटं निघालं. तिथे साफ कातडी लावली की अवतार मेल्यासारखा दिसायचा. मग मला कळलं की माणसाच्या अंगाला एक रंग नसतोच. बोटांच्या पेरांवर तांबूस, कोपराला राखाडी, डोळ्यांखाली निळसर, कानाच्या पाळीतून उजेड येतो तिथे लाल, नाकावर बारीक छिद्रं. हे मी नानांची मान बघून शिकले, आईच्या टाचा बघून, बाजारात भाजी विकणाऱ्या बायांचे हात बघून. त्यात एक वाईट खोड लागली. समोरचा माणूस जीव तोडून काहीतरी सांगत असायचा आणि मी त्याच्या कपाळावरचा घाम कुठून कुठे जातो ते बघत बसायचे.

आता ताईबद्दल. माझी मोठी बहीण मनीषा. शाळा संपता संपता तिच्या कानामागे एक पांढरा ठिपका आला, तो मानेवर उतरला, मग डाव्या हातावर आला. कोड. त्याने दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागण होत नाही. डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं. पण आमच्या घरात बावचीचं तेल झालं, उपास झाले, कुणीतरी म्हणालं दुधाबरोबर मासे खाल्ले असतील. आमच्या घरात मासे कधी शिजलेच नाहीत. नाशकातल्या सगळ्याच पोरी स्कूटीवर बसताना तोंडाला स्कार्फ बांधतात. ताईचा स्कार्फ गाडीवरून उतरल्यावरही सुटायचा नाही, एवढाच फरक. स्थळं यायची, कुणीतरी जाऊन त्यांच्या कानाला लागायचं आणि स्थळ पुन्हा दिसायचं नाही. ताई अठ्ठावीसची झाली. ती यावर कधी बोलायची नाही आणि माझं डोकं फिरायचं.

पहिला धक्का मला एका गिऱ्हाइकाने दिला. परदेशातली बाई. तिने स्वतःचे फोटो पाठवले आणि लिहिलं, मला माझ्यासारखीच कातडी हवी. फोटोत तिच्या तोंडाभोवती, मानेवर, हातांवर पांढरे डाग. ताईला आहे तेच. मला तिची कणव आली. मी आठवडाभर खपून तिच्या गालांवरची लाली, नाकावरची छिद्रं, ओठांच्या चिरा सगळं हुबेहूब उतरवलं आणि डाग तेवढे गाळले. स्टुडिओतला हात होता, आपोआप चालला. मला वाटलं, बाई खूश होऊन चार जणींना सांगेल. तिचं उत्तर आलं: काम सुंदर आहे, पण ही कोण आहे? यात मी कुठे आहे?

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं. त्या जगात माणसं वाघ होऊन हिंडत होती, पंख लावून उडत होती, सत्तरीच्या बाया विशीच्या होऊन नाचत होत्या. आणि या बाईला आयती मिळालेली स्वच्छ कातडी नको होती. मी ताईला हाक मारली. ती गुलाबाच्या कळ्यांना कागद गुंडाळत होती. हात पुसत आली आणि वाचलं. मग तिने स्कार्फ सोडला आणि माझ्यासमोर स्टुलावर मान वळवून बसली.

"तिच्या फोटोत कडा कळत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या बघून काढ."

मी तिची सख्खी बहीण, एका गोधडीत वाढलेली. पण तिची मान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, असंच म्हणायला हवं. इतकी वर्षं आम्ही सगळेच तिथून नजर काढून घ्यायचो. डाग पांढरा नव्हताच. आतून गुलाबी होता, कडेला एक गडद रेघ होती, मग तिचा गव्हाळ रंग. केसांच्या मुळाशी कुठे कुठे तपकिरी ठिपके परत आले होते. मी ते सगळं रंगवलं. बाईचा अवतार ताईच्या मानेसकट तिथल्या बाजारात फिरायला लागला, लोकांशी बोलायला लागला, नाचायला गेला.

"ही अशीच बाहेर जाते?" ताईने विचारलं.

"अशीच."

"कुणी काही बोलत नाही?"

"बोलतात ना. अजून दोघींनी अशीच कातडी मागितलीये."

ताई पडद्याकडे बघत राहिली. "बरी दिसती की," ती म्हणाली, स्कार्फ बांधला आणि पॉलीहाऊसमध्ये निघून गेली. डागाकडे बघून कुणी बरी दिसते म्हणेल, तेही आमच्या घरात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कलाआत्या आली. नानांची चुलत बहीण, कलाबाई. निम्म्या जिल्ह्यातली लग्नं आपण जमवली असं ती सांगते आणि दुर्दैवाने ते खरं आहे. मनमाडचं स्थळ होतं. मुलगा रेल्वेत कायम नोकरीला, आपल्यातलाच, घरची बागायत, सासू-सासरे साधे.

"त्यांना सांगितलंय का?" मी विचारलं.

"काय सांगायचं?" आत्या म्हणाली. "सांगून काय झालं आजवर? मान झाकायची, हात झाकायचा. तू रंगविती ना कातडी? मग हीच रंगव की."

माझा संताप संताप झाला. मी म्हणाले की हे फसवणं आहे, मी असलं काही करणार नाही. आणि फसवून पुढे काय? आमच्याच भावकीतली एक मुलगी पायावरचा डाग लपवून दिली होती; सासरच्यांनी तिला वर्षाच्या आत मळ्याच्या तोंडाशी आणून सोडली. ती अजून भावजयीची बोलणी खात तिथेच आहे. ताईचं तसं झालं तर? आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आगं, एकदा पदरात पडू दे, मंग देव हाय." नाना बाजेवर बसून पायाच्या बोटाने माती उकरत होते. ते एवढंच म्हणाले, "दीपमाला, घरासाठी एक काम कर. पुन्यांदा नाय सांगायचो."

ताईने मला बाजूला घेतलं. "रंगव गं. मला एकदा चार माणसांत उघड्या मानेनं बसायचंय. कसं वाटतं ते बघू दे."

"आणि नंतर?"

"त्याला मी स्वतः सांगणार. होकार आला तर, लग्नाआधी. तो नाही म्हणाला तर नाही. पण कुणी माघारी आणून सोडावी असं मी होऊ देणार नाही."

मग मी रंगवलं. मेनरोडवरच्या दुकानातून तीन छटांचं फाउंडेशन आणलं, वाटीत कालवलं, स्पंजने टिपत टिपत चढवलं. एक थर वाळला की दुसरा. जुन्या टूथब्रशने बारीक शिंतोडे उडवले, ती छिद्रं झाली. हातावर शिरेची फिकट निळी रेघ ओढली, पेरांना तांबूस हात दिला. तासाभराने ताईची मान आणि हात असे झाले की मी स्वतः बोट लावून बघितलं. लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटत होता. आई आत आली, बघतच राहिली, रडली, आणि दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट ताईच्या कानामागे टेकवून गेली. एवढं खपून मी डाग घालवले, आणि आईने परत एक लावला. ताईला हसू आवरेना.

पाहुणे जीपमधून आले. मे महिन्यातली दुपार, पंखा बंद, कारण लाइट गेलेली. मुलाचे वडील पुंजाबा, आई सुलाबाई, मुलगा यादव आणि आमची आत्या. नाना उठून उठून या-बसा करत होते. ताईला बाहेर बोलावलं, ती पदर मागे सोडून बसली, ताठ मानेनं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, शेतातलं काय काय येतं. तिने सगळ्याला हळू आवाजात उत्तरं दिली. सुलाबाई खुशीत दिसत होती. "पोर नाकीडोळी छान हे," ती नवऱ्याला म्हणाली. मग ताईला आत पाठवलं आणि मी चहाचा ट्रे घेऊन फिरले.

यादवने उजव्या हाताने कप घेतला. डावा हात गुडघ्यावर होता. एवढ्या उकाड्यात त्याने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता आणि मनगटाची बटणं लावली होती. माझी नजर सवयीने त्या हातावर गेली आणि तिथेच अडकली.

हात एकाच रंगाचा होता. पेरांवर तांबूस नाही, नखांच्या मुळाशी फिकट नाही, बोटांच्या घड्यांत काळसर नाही. घामाचे थेंब कातडीत न जिरता वरच्या वर बसले होते, आणि करंगळीच्या नखाच्या कडेला गव्हाळ रंगाची साय धरली होती. ते फाउंडेशन होतं. कुणीतरी घरी बसून माझंच काम केलं होतं, आणि कच्चं केलं होतं. मी मान वर केली तर कलाआत्या माझ्याकडेच बघत होती. तिने डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं.

मी तिला साखरेच्या निमित्ताने स्वयंपाकघरात ओढलं. "आत्या, त्याला पण आहे. आणि तुला माहिती होतं."

"हळू बोल," आत्या म्हणाली. "माहिती नसंल तर मी इथं कशाला आणीन? दोगांचं बी सारखंच. त्यांना सांगितलं आस्तं पोरीला हे, तर नाय म्हनले आस्ते. तुह्या बापाला सांगितलं आस्तं पोराला हे, तर ह्यो बी नाय म्हनला आस्ता. म्हनून दोनीकडं सांगितलं, झाका म्हनून. आता लग्न होऊंद्या. मंग कोन कुनाला बोलनार?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. एवढी मोठी लबाडी मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि गंमत म्हणजे तिच्यात मला कुठे खोट सापडेना. ताईला कुणी माघारी आणून सोडणार नव्हतं. लपवाछपवीचा प्रश्नच संपला होता. चुलीपलीकडे ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा असा उजळला, तसा मी तो लहानपणानंतर बघितला नव्हता. "खरंच?" तिने विचारलं. "त्यालाही?"

तेवढ्यात लाइट आली. नाना मोटर चालू करायला मागच्या दाराने विहिरीकडे गेले. मी त्यांच्यामागे धावले. माझ्या डोक्यात एकच होतं, की इतक्या वर्षांचं या माणसाच्या मानगुटीवरचं ओझं मी आता एका वाक्यात उतरवणार. मी हसत हसतच सांगितलं.

"नाना, काळजी सोडा. मुलालाही कोड आहे. हाताला. रंग लावून आणलाय त्याला."

नानांचा हात बटणावर होता. तो तसाच राहिला. "कुनी सांगितलं?"

"मी बघितलं. आत्याला माहितीये."

पाटाच्या चिखलाने भरलेल्या पायांनी ते तसेच पुढच्या खोलीत गेले. मला वाटलं, पुंजाबांना मिठी मारतील. मी मागोमाग दारात पोचले तेव्हा नाना यादवसमोर उभे होते आणि त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्या पुढ्यात धरला होता.

"हात धुवा," नाना म्हणाले.

"आवो, काय झालं?" पुंजाबांनी विचारलं.

"तुमच्या पोराला हात धुवू द्या. मंग सांगतो काय झालं."

यादवने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्याने तांब्या घेतला, समोरच्या रिकाम्या ताटावर डावा हात धरून पाणी ओतलं आणि रुमालाने पुसला. रंग निघाला नाही, फरकटला, आणि मधून गुलाबी-पांढरी कातडी दिसायला लागली.

"कोडाच्या घरात पोर द्यायला माझं डोळं फुटलं नाय," नाना म्हणाले. "रंग फासून पोरगा दाखविता? आमी काय मानसं नाय का? एखाद्याच्या पोरीच्या जल्माचं वाटोळं झालं आस्तं."

मी नानांकडे बघत राहिले. आधी वाटलं हे नाटक आहे, आपल्या बाजूचं झाकायला म्हणून आवाज चढवताहेत. पण त्यांच्या मानेची शीर फुगली होती. मी त्यांची मान ओळखते, किती वेळा रंगवली आहे. तो खरा राग होता, फसवल्या गेलेल्या बापाचा राग. समोर उभा असलेला माणूस आपलाच बाप आहे याची मला त्या क्षणी खात्री वाटेना.

"नाना, अहो, ताई..." मी म्हणाले.

"तू गप."

तेवढ्यात ताई आतून आली. हातात टॉवेल होता, मानेवर खोबरेल तेल चमकत होतं. तिने सगळा रंग पुसून काढला होता. मान, कानामागचा भाग, हात. काजळाचा ठिपकाही गेला होता. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली.

सुलाबाईच्या हातातला कप खाली आला. "आगं बाई," ती म्हणाली. "म्हंजी हिला बी?" ती क्षणभर ताईकडे आणि क्षणभर मुलाच्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ही बाई हसेल, रडेल, काहीतरी माणसासारखं करेल. तिने पदर खोचला. "उठा वो. आसली पोर माझ्या घरात नको. पंचवीस कोसावरनं बोलवून आनून फसवित्यात."

"फसवित्यात कोन?" नाना गरजले. "तुमी का आमी?"

मग जे झालं ते सांगायला मला अजूनही जड जातं. दोन घरं, दोघांकडे तेच, दोघांनी तेच लपवलेलं, आणि दोघंही एकमेकांना सारखेच शब्द फेकून मारत होते. नावं बदलली असती तर कोण बोलतंय ते कळलं नसतं. कलाआत्या दोघांच्या मध्ये हात पसरून, "आरं पर दोगांनाबी हे ना, मंग भांडता कशापायी?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. उलट दोन्हीकडून तिलाच शिव्या बसल्या. त्या दिवशी त्या खोलीत शहाणं बोलणारी ती एकटी होती, आणि तिचाच मला इतके दिवस राग येत होता.

पुंजाबा आणि सुलाबाई जाऊन जीपमध्ये बसले. आत्या डोक्याला हात लावून ओट्यावर बसली. नाना खुर्चीत टेकले, त्यांना धाप लागली होती. आईने पाणी दिलं. ते प्यायले आणि त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला. नाना वाईट माणूस नाहीत.

"वाचलो," ते म्हणाले. "पोरी, थोडक्यात वाचली तू."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "कशातनं, नाना?"

नानांनी तोंड उघडलं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आली, तेलाने चमकणाऱ्या उघड्या मानेवर आली, आणि पहिल्यांदा तिथून हटली नाही. ते उत्तर शोधत होते. ते शोधता शोधता त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि डोक्यावरचा हात खाली आला. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, काहीतरी फोडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की नाना लोकांना भितात. भित्र्या बापाला मी समजून घेतलं असतं. हा माणूस आपल्या लेकीच्या अंगावरच्या गोष्टीला मनापासून किळसत होता, आणि हे त्यालाच आत्ता कळत होतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. यादव जीपमध्ये नव्हता. खिडकीतून दिसलं, तो हौदाच्या नळाखाली डावा हात धरून उभा होता आणि चोळत होता. रंग नुसता पसरत होता. त्याची आई जीपमधून त्याला हाका मारत होती, पण तो हात चोळायचं थांबेना.

ताई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडायला गेली. ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन बाहेर पडली, पायरी उतरली, जीपवरून पुढे गेली. शेजारच्या मळ्यातल्या बाया शेवंती खुडायच्या थांबून बघायला लागल्या. ताईची मान उघडी होती आणि ऊन थेट तिच्यावर पडलं होतं. मी धावत उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"पाण्यानं निघत नाही ते," ती यादवला म्हणाली. "तेल लागतं. हात पुढं करा."

यादव तिच्या मानेकडे बघत राहिला. जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. त्याने नळ बंद केला. मग उजव्या मनगटाचंही बटण सोडलं, बाही कोपरापर्यंत वर सारली. मनगटाच्या वर तो हातही पांढरा होता. त्याने दोन्ही हात तिच्या पुढे केले.